हयातीचा दाखला

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बारक्या,

मी मेले आहे हे मला आज सकाळी सव्वाअकरा वाजता ऑफिसात कळलं.

कळवणारा तूच. म्हणजे मला नाही कळवलंस. 'माननीय परवाना अधिकारी' यांना कळवलंस. ते माननीय अधिकारी म्हणजे मी. तुला हे ठाऊक असायचं काही कारण नाही. सात वर्षांत मी काय करते हे तू विचारलं नाहीस आणि मीही सांगायला आले नाही. आमच्या टेबलांवर नावं नसतात, आकडे असतात. मी सतरा.

तुझा अर्ज मला पाठ झालाय, म्हणून इथे उतरवते:

'या खात्यात दोन पात्रं आहेत. ढाल्या हा माझा. खडूस वैदीण ही माझ्या बहिणीची. माझी बहीण आता या जगात नाही. तिची एवढीच आठवण माझ्याकडे उरली आहे. कृपया खातं बंद करू नये.'

आम्हाला दिवसाला चाळीस अर्ज वाचायचे असतात, त्यामुळे आम्ही शेवटची दोन वाक्यंच आधी बघतो. ती वाचून मला खरंच त्या माणसाची दया आली. 'बिचारा,' असं मी चक्क तोंडाने म्हटलं असणार, कारण शेजारच्या टेबलावरून बिस्किटवाल्यांनी विचारलं, "कोण हो बिचारा?" (हे गृहस्थ दिवसभर डब्यातून बिस्किटं काढून खातात.) मी म्हटलं, "एकाची बहीण गेलीये." आणि मग नजर वर गेली. ढाल्या हे नाव मी ठेवलं होतं. खडूस वैदीण हे तू.

बिस्किटवाल्यांनी डबा पुढे केला, तर मी एक बिस्किट घेतलं आणि खाल्लं. मेलेल्या बाईने बिस्किट खाल्लं. मग मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघून आले. हसू नकोस. खरंच जाऊन आले.

तुला प्रश्न पडला असेल की खातं बंद का झालं. आमच्या कंपनीचा कॉम्प्युटरवरचा प्रत्येक खेळ देशागणिक वेगळ्या किमतीला विकला जातो. इकडे पगार कमी, म्हणून किंमत कमी. हा कंपनीचा चांगुलपणा नाही. किंमत तीच ठेवली तर इकडचे लोक खेळ चोरून खेळतील, म्हणून. तू राहतोस तिकडे त्याच खेळाला आठपट पडतात. मग काही शहाणे परदेशी जातात, पण खातं इकडचंच ठेवतात आणि इकडच्या किमतीत खेळ घेत राहतात. त्यांना हुडकायला एक चाळणी लावली गेली. गेल्या शुक्रवारच्या आदल्या शुक्रवारी दोन हजार तीनशे बारा खाती एकदम बंद झाली. त्यात तुझं होतं.

आता पुढची गंमत ऐक. अर्जात मृत्यूचा उल्लेख असेल तर नियमाप्रमाणे दाखला मागवावा लागतो. म्हणजे उद्या सकाळी मला माझ्या सख्ख्या भावाकडे माझ्या मृत्यूचा दाखला मागायचा आहे.

मागते. बघू कुठून आणतोस.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी, शनिवार

बारक्या,

मागितला. ठरलेला मजकूर असतो, त्यात फक्त गाळलेली जागा भरायची: 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. कृपया कै. ____ यांचा मृत्यू दाखला जोडावा.' तिथे 'खडूस वैदीण' लिहिलं आणि पाठवून दिलं. स्वतःच्या दुःखात सहभागी होण्याची ही माझी पहिलीच वेळ.

चार दिवस झाले तरी धक्का काही ओसरत नाही. भाजी चिरताना मधेच थांबते आणि म्हणते, अरे, मेली म्हणाला की! माणूस रागाच्या भरात 'तू मला मेलीस' म्हणतो, ते मी समजू शकते. पण अर्ज लिहून? स्वल्पविराम देऊन? 'कृपया' घालून?

पण मीही गेल्या पत्रात एक चलाखी केली. 'चाळणी लावली गेली' असं लिहिलं. ती मीच लावली. नियमही माझाच. पाच वर्षांत एकदाही इकडून उघडलं गेलं नाही असं प्रत्येक खातं बंद, असा मी दोन ओळींचा नियम लिहिला, साहेबिणीने मान डोलावली आणि जेवणाच्या सुट्टीआधी मी बटण दाबलं. यादीत नावं नसतात, नुसते आकडे. डबा खाताना मी खूश होते. साहेबीण म्हणाली होती, "सतरा नंबर, तुमच्या चाळणीतून माशीसुद्धा निसटायची नाही."

काल मी तुझ्या खात्याची नोंद काढली. तेवढा अधिकार आम्हाला असतो. कोण कधी आलं, किती वेळ खेळलं, किती वेळा मेलं, हे दिसतं. तुम्ही एकमेकांशी काय बोललात ते दिसत नाही, ते फक्त खातेदारांना, त्यांच्या बोलण्याच्या वहीत.

तू दर रविवारी येतोस. सात वर्षांत अकरा रविवार चुकलेत. आणि बाबा रे, तू किती वेळा मेलायस! नऊशे चाळीस वेळा. आधी वाटलं तुझा खेळातला हात गेला. मग आठवलं. वैदिणीला मीच सांगून ठेवलं होतं की ढाल्याचा जीव दहाव्या हिश्श्यावर आला तरच औषध द्यायचं, त्याआधी नाही. तू उधळ्यासारखा प्रत्येक भांडणात घुसायचास आणि औषधं संपवायचास, म्हणून. मी खेळात नसले की खेळच तिला चालवतो, पण माझ्या हुकमाने. तो हुकूम बदलायला माझा परवलीचा शब्द लागतो, आणि तुझ्याकडे तो नाही. म्हणजे सात वर्षं तू तिला मागे घेऊन हिंडतोयस, आणि ती तुझ्या मरणाची वाट बघत उभी राहते. तिला सोडून एकट्याने का नाही रे खेळलास? ते जमतं. एक बटण आहे.

मला आई आठवली. आपण दोघं एका यंत्रापुढे दोन खुर्च्या टाकून बसायचो आणि ती मागे पलंगावर शाळेचे कागद लावत बसायची. तिला आपल्या दोघांत वैदीण आवडायची. म्हणायची, "ही बरी आहे, कुणाला मारत तरी नाही."

आता नीट वाच, कारण तुझा मूर्खपणा कळायला हवा. आपला परवाना जोडीचा आहे. एक खेळ, दोन जागा. तो फक्त इकडे मिळतो, तुझ्या देशात विकतच नाहीत. खात्याचा देश बदलला असतास तर जोडी फुटली असती आणि वैदीण पुसली गेली असती. म्हणून तू बदलला नाहीस. एवढं माझ्या लक्षात आलं. तर जोडीचा नियम असा आहे: दोघांतला एक जरी इकडे राहत असला तरी परवाना पक्का. 'माझी बहीण तिथेच राहते' एवढं एक वाक्य लिहिलं असतंस तर मी एका मिनिटात खातं चालू केलं असतं. तू मला मारलंस आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. मी पाच वर्षांत एकदा जरी खेळ उघडला असता तरी चाळणीने तुला सोडलं असतं, हेही खरं. पण आज तुझ्यावर चिडायचा माझा दिवस आहे.

बंद खातं तीस दिवस ठेवतात. आठ मार्चला रविवारी ते पुसलं जाईल. पात्रं, सामान, बोलण्याची वही, सगळं. कायमचं.

तू म्हणशील, मग जाऊन सांग ना तुझ्या साहेबिणीला, की मी जिवंत आहे. सांगेन. माझी काही कारणं आहेत.

ताई


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तुझं उत्तर आलं. सतरा नंबरला.

'महोदय, दाखला जोडता येत नाही. आमच्या घरात मृत्यू वेळेवर कळवण्याची पद्धत नाही. माझी आई मंगळवारी गेली, मला शुक्रवारी कळवण्यात आलं. बहिणीचा दाखला मिळायला त्याहून जास्त वेळ लागेल. सवड द्यावी.'

भर ऑफिसात, पंखा चालू, आजूबाजूला बारा माणसं, आणि मला घाम फुटला. मी तो अर्ज झटकन मिटवायला गेले तर चुकून मोठा झाला. पूर्ण पडदाभर. त्याच वेळी मागून साहेबीण. ती चप्पल न वाजवता चालते.

तिने उभ्याउभ्या वाचलं. म्हणाली, "हा माणूस आगाऊ आहे की दुःखी आहे?"

मी म्हटलं, "कल्पना नाही."

"ओळखता का तुम्ही?"

"नाही हो. मी कशी ओळखणार?"

हे मी इतक्या सहज म्हणाले की मलाच धडकी भरली. तू एका कागदात मला मारलंस, मी एका वाक्यात तुला परका केलं.

साहेबीण म्हणाली, "दाखला नाही तर नाही. त्याला शेवटचं विचारा, खातं कशासाठी हवंय. पटलं तर बघू, नाही तर आठ तारखेला जाऊ दे." मी तसं पाठवलं.

आता तुझ्या त्या टोमण्याबद्दल. मी फोन केला होता. मंगळवारी दोनदा केला. तुझा बंद होता. हे मी तुला तेव्हाच सांगितलंय, मावशीला सांगितलंय, सगळ्यांना सांगितलंय. तुझ्या कामाच्या पाळ्या, तुझा फोन कधी चालू कधी बंद, त्याला मी काय करणार? घरात माणसं आलेली, डॉक्टरांचे कागद, आईच्या शाळेचे कागद, सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर. तू तिकडे. चार वर्षं तिची औषधं, तिची अंघोळ, तिचं रात्री उठणं, सगळं मीच केलं, आणि तू रविवारी खेळात येऊन 'आई कशी आहे' विचारलंस की झालं तुझं कर्तव्य! आणि त्यावर मीच जाब द्यायचा?

फोन बंद होता. बस्स.


४ मार्च, बुधवार

बारक्या,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

आधी हे सांगते की मागची तिन्ही पत्रं मी पोस्टात टाकलेली नाहीत. खणात आहेत. खातेदाराला खाजगीत लिहिणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, असं मी स्वतःला सांगत होते. मावशीने तुझा पत्ता केव्हाच दिला होता. पाकिटंही आणली होती. गुन्ह्याची भीती नव्हती मला.

आज तुझं कारण आलं. तू 'महोदय' लिहिलंस, आणि मग असं:

'खोटं लिहिल्याबद्दल माफी मागतो. माझी बहीण जिवंत आहे. आम्ही बोलत नाही. बोलत नाही म्हटलं की लोक का विचारतात. गेली म्हटलं की कुणी काही विचारत नाही. म्हणून सवय झाली. खातं मला तिच्यासाठी नको आहे. त्यातल्या बोलण्याच्या वहीत एक वाक्य आहे, त्यासाठी हवं आहे. माझी आई मंगळवारी सकाळी गेली. बुधवारी संध्याकाळी मी बहिणीला खेळात विचारलं, आई कशी आहे? तिने लिहिलं, झोपली आहे. ते खोटं होतं हे मला शुक्रवारी कळलं. पण ते तीन दिवस माझी आई जिवंत होती, फक्त माझ्याकडे. बाकी कुणाकडे नव्हती. रविवारी मी तिथे जाऊन बसतो. आपल्या नियमात हे बसणार नाही याची कल्पना आहे.'

मी ते वाचलं आणि बॅग उचलून सरळ घरी आले. बिस्किटवाल्यांनी "बरं नाही का?" विचारलं, त्यांना उत्तरसुद्धा दिलं नाही. आता पलंगावर बसून लिहितेय. आईच्याच.

तुला माहीत होतं. सात वर्षं माहीत होतं. मी शुक्रवारी फोनवर म्हणाले, आई गेली, मंगळवारी, तुझा फोन लागत नव्हता. तू दोनदा विचारलंस, "मंगळवारी?" आणि फोन ठेवलास. तेव्हाच का नाही ओरडलास माझ्यावर? ताई, काल-परवा तर तू मला झोपली म्हणालीस, असं का नाही म्हणालास? मी सात वर्षं लोकांना फोन बंद असल्याचं सांगत फिरले आणि माझ्या खोटेपणाचा लेखी पुरावा तुझ्याकडे होता. तो तू एकदाही काढला नाहीस. याच्यापेक्षा तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

फोन मी केला नाही. मंगळवारी नाही, सोमवारी नाही, रविवारीही नाही. रविवारी डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. आई तुझं नाव घेत होती. मी म्हटलं, कळवलंय, येतोय. तिलाही खोटं सांगितलं. ती दाराकडे तोंड करून निजायची, म्हणून मी पलंग फिरवला. ते कुणालाच माहीत नाही.

का, ते सांगते. ऐकायला घाण आहे. चार वर्षं मी तिचं केलं, आणि शेवटच्या दिवशी तू विमानातून उतरून तिचा हात धरला असतास, आणि तिने तुझ्याकडे बघून डोळे मिटले असते. सगळे तुझ्या गळ्यात पडून रडले असते. मला वाटलं, हे त्याला फुकट मिळता कामा नये. तिचं शेवटचं बघणं तरी माझं असू दे. मिळालं मला. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आला का?"

हे मी आज पहिल्यांदा लिहिलं. उच्चारलं तर कधीच नाही.

बुधवारी मी यंत्र बंद करायला गेले होते. घरात माणसं होती, पडद्याचा उजेड नको म्हणून. तेवढ्यात तुझं लिहिलेलं आलं. माझ्या मागे दोन हातांवर तिचा रिकामा पलंग, आणि मी दोन शब्द टाइप केले आणि लगेच यंत्र बंद केलं. दयेने नाही केलं. तुला सांगितलं असतं तर तू निघाला असतास, आणि अजून सगळी माणसं घरात होती. दोन दिवसांनी ती माणसं पांगली, मग मी फोन लावला.

आणि आता खरं कारण, साहेबिणीला मी का नाही सांगितलं त्याचं. ते वाक्य मला कधी विसरताच आलं नव्हतं. तुझं खातं चाळणीत आहे हे कळल्यावर धक्क्यातून सावरले, आणि पहिला विचार आला की आठ मार्चला ती वही पुसली जाईल. मला काहीच करायला नको होतं. नुसतं दाखले मागत बसायचं. तू वाचशील तेव्हा तुला किळस येईल, मला आत्ताच आलीये.

आणि तू तिथे दर रविवारी आईला भेटायला जातोस.


७ मार्च, शनिवार

बारक्या,

गुरुवारी सकाळी मी साहेबिणीच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "त्या जोडीच्या खात्यातली मेलेली बहीण मी आहे."

तिने चष्मा काढला. म्हणाली, "म्हणजे दोन आठवडे तुम्ही स्वतःच्याच मरणाची फाइल चालवत होतात?"

"हो."

"आणि मला म्हणालात ओळखत नाही."

"हो."

"सख्खा भाऊ?"

"सख्खा."

तिने चष्मा परत लावला. मग म्हणाली, "नियमात भावना बसत नाहीत, जोडी बसते. दुसरी जागा हयात आहे आणि इथे राहते याचा सरकारी कागद आणा. उद्या दुपारपर्यंत. आणि सोमवारपासून तुम्ही या टेबलावर नाही. चौकशी होईल. मला वाईट वाटतंय, पण होईल." मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर तिच्याइतकी सभ्य राहिले नसते.

वॉर्ड कचेरीत हयातीच्या दाखल्याची रांग होती. सगळे सत्तरीच्या पुढचे, पेन्शनवाले. एका आजोबांनी मला पुढे जायला सांगितलं, त्यांना वाटलं मी कुणाचा तरी कागद घ्यायला आलेय. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "पेन्शन कुणाची?"

मी म्हटलं, "पेन्शन नाही. भावाला दाखवायचाय."

"भावाला? त्याला तुम्ही दिसत नाही का?"

"नाही."

त्याने मान वर करून मला नीट पाहिलं. माझं वय बघून असेल किंवा तोंड बघून असेल, पुढे काही विचारलं नाही. "समोर उभ्या आहात म्हणून लिहून देतो," म्हणाला, आणि शिक्का मारला. 'सदर व्यक्ती आज रोजी माझ्यासमोर हयात आहे.' मी ते बाहेर पायरीवर बसून वाचलं आणि रडले. माणसं येत-जात होती, तरी रडले.

काल दुपारी साडेतीनला खातं चालू झालं. तसं पत्र तुला गेलं असेल, सतराच्या जागी दुसऱ्या आकड्याच्या सहीने. माझ्या दाखल्याची प्रत या पाकिटात टाकतेय. खोटं वाटलं तर शिक्का बघ.

काल घरी येऊन मी यंत्र लावलं. परवलीचा शब्द आठवत होता. तुझी परवानगी घेतली नाही, पण वैदीण माझी आहे. ती आणि ढाल्या एका पुलावर उभे होते, तू महिन्यापूर्वी सोडलेस तिथे. मी कुठे गेले नाही, काही हलवलं नाही. फक्त बोलण्याची वही उघडली. सात वर्षं तिथे कुणीच काही लिहिलेलं नाही. शेवटी आपली तीन वाक्यं आहेत. मला दोनच माहीत होती, कारण मी लिहिल्या लिहिल्या यंत्र बंद केलं होतं.

'आई कशी आहे?'

'झोपली आहे.'

आणि त्याखाली, त्याच संध्याकाळचं, एका मिनिटाने, तुझं:

'उठली की सांग.'

बारक्या, तू वाट बघत बसला होतास. मी यंत्र बंद करून माणसांना चहा दिला आणि तू तिकडे ती उठायची वाट बघत बसला होतास. मला हे माहीतच नव्हतं. माझं वाक्य मी सात वर्षं घोकलं, तुझं एकदाही वाचलं नव्हतं.

आज सगळी पत्रं एका पाकिटात घालून टाकतेय. पोचायला दहा-बारा दिवस लागतील. तू उद्या रविवारी खेळात येशील, त्याआधी. म्हणून हे इथेही लिहिते, म्हणजे पत्र आलं की दोन्हीकडे तेच आहे हे तुला कळेल. मी बराच वेळ विचार केला, की तुझ्याकडे आहे ते तसंच राहू द्यावं का. तुझ्या तीन दिवसांवर हात टाकायचा मला काय अधिकार? पण ते तीन दिवस मी दिले होते, आणि ते चोरीचे होते. आणि तू विचारलं होतंस. विचारलेल्याला उत्तर द्यायला हवं. तुझं वाक्य मी पुसलेलं नाही, माझंही नाही. त्याखाली काल संध्याकाळी लिहिलंय:

'नाही उठली. मंगळवारी सकाळी साडेसहाला गेली. शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती. मी तुला फोन केला नव्हता.'

ताई